दारातल्या चपला

भाताच्या लोंब्या वाकायला लागल्या की मी चिडचिडी होते. कॉलेजात हे सगळ्यांना पाठ आहे. "मॅडमचा सीझन आला," असं पोरी एकमेकींना सांगतात आणि रिपोर्टवर सही घ्यायला दसरा उलटल्यावरच उगवतात. त्यांना वाटतं, उकाड्यानं होतं. उकाडा असतोच म्हणा. पाऊस आटपलेला, थंडीचा पत्ता नाही, आणि पनवेलच्या खाडीकडून येणारा वारा अंगाला नुसता चिकटून बसतो. पण उकाड्यात मी जन्मले, वाढले, त्याचं मला काही नाही. मला छळतो तो वास.

आता खरं तर वास यायला भात उरलंय कुठे? करंजाड्याला माझ्या गॅलरीतून चारी बाजूंना इमारतीच दिसतात. मध्येच कुठल्या तरी भाऊबंदकीत अडकलेली दोन-तीन खाचरं शिल्लक आहेत आणि कुणीतरी तिथे अजून हट्टानं भात लावतं. सप्टेंबर सरता सरता त्यातून वास येतो, पेज उकळताना झाकण जरा किलकिलं केलं की येतो तसा. पहिल्या दिवशी मी गॅलरीचं दार लावून घेते. दुसऱ्या दिवशी उघडते. किती दिवस लावून बसणार!

आम्ही बेने इस्रायल. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी तेल गाळायचो आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. आमचे मोठे सण याच दिवसांत येतात. आधी वर्षारंभाचा म्हणजे नव्याचा, मग दहाव्या दिवशी दारफाळणीचा. हे नाव आता आमच्याच पोरांना समजावून सांगावं लागतं. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचं, पांढरं नेसायचं आणि दार लावून घ्यायचं. मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. आमच्या आईच्या राज्यात दार लागलं की लागलं. बाहेर कलेक्टर येऊन उभा राहिला असता तरी तिनं कडी काढली नसती.

पण दार लावण्याआधी एक काम असायचं. आई दुपारीच बाहेर पडायची आणि आळीत घरोघरी जाऊन यायची. मामी, धाकटी काकू, नळावर जिच्याशी वाजलं होतं ती शेजारीण. "कळत-नकळत काही बोलले असेन तर पोटात घाल गं," म्हणायची. लहानपणी मला याची फार लाज वाटे. देवाचीच माफी मागायची तर हे दारोदार फिरणं कशाला, असं मी एकदा फणकाऱ्यानं विचारलं. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "देवाशी चुकलीस तर देव बघून घेईल. माणसाशी चुकलीस तर त्या माणसाचंच दार वाजवावं लागतं. देव मध्ये पडत नाही."

आई गेल्यावर मी हे नेमानं केलं. भाऊ इस्रायलला जाऊन स्थायिक झाला, त्याला फोन करते. कॉलेजातल्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना विचारते. एक दार तेवढं राहिलं. पस्तीस वर्षं राहिलं. दर वर्षी याच दिवसांत मला नेमकं काहीतरी महत्त्वाचं काम निघायचं. बहाणे शोधण्यात आमचा धंदा मुळातच हुशार.

धंदा म्हणजे, मी आधी लष्करी रुग्णालयात सोशल वर्कर होते. मग कॉलेजात शिकवायला लागले, प्राध्यापक झाले. संध्याकाळी पनवेलला एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्यांत घराघरांतली भांडणं ऐकत बसते. सासू-सून, बाप-लेक, घटस्फोटाच्या काठावरचं जोडपं. त्याला कुटुंब-समुपदेशन म्हणतात. खोलीत यायच्या आधी चपला बाहेर काढाव्या लागतात. लोकांना वाटतं, बाईंना स्वच्छतेचं वेड आहे. वेड कसलं! ती माणसं आत स्थिरस्थावर होईपर्यंत मी दारातल्या चपला बघून घेते. नवऱ्याच्या कुठे, बायकोच्या कुठे. कुणाची टाच एका बाजूनं झिजलीय. कुणाचा अंगठा तुटलेला असून महिनाभर तसाच आहे. कुणाच्या पायात दुसऱ्याचीच चप्पल आहे.

विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते, "घरभेटीला गेलात की आधी दारातल्या चपला बघा. माणसं पाहुण्यासमोर 'सगळं छान' म्हणतात. चपलांना ते जमत नाही." पोरं हे लगेच वहीत उतरवून घेतात. मध्यंतरी कॉलेजनं माझा सत्कार केला, तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्यानं भाषणात हेच सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मी शाल पांघरून घामाघूम बसले होते. सारखं वाटत होतं, आता कुणीतरी उठेल आणि विचारेल, बाई, हे तुम्ही शिकलात कुठे? कुणी विचारलं नाही. सगळे जेवायला गेले.

शिकले ते नामदेवच्या घरी. हे त्याचं खरं नाव नव्हे. गावाचं नावही सांगत नाही, कामोठ्याजवळचं होतं एवढं पुरे. आता ते गाव सोसायट्यांच्या पोटात गेलंय.

मी पंचवीस वर्षांची होते. रुग्णालय घाटावर होतं, आणि माझी नेमणूक मानसोपचाराच्या वॉर्डात. सगळ्या जवानांना निळे कपडे, सगळ्यांची दाढी एकाच वेळेला, चहा एकाच वेळेला. नामदेव झोप उडाल्यामुळे दाखल झाला होता. मी पनवेलची आहे कळल्यावर त्याचा चेहरा खुलला. "मॅडम, मंजे तुमी आपल्याच की!" म्हणाला. त्या दिवसापासून मी वॉर्डात शिरले की तो उठून उभा राहायचा आणि खिशातलं पत्र काढायचा.

पत्र त्याच्या बायकोचं, सुगंधाचं. तिला सातवा महिना होता. सहावी शिकलेली, स्वतः पत्र लिहायची. पण टाकायच्या आधी सासरा वाचून बघायचा, त्यामुळे पत्रात कधी काही नसायचं. भात बरं आहे, म्हैस बरी आहे, मी बरी आहे. या पत्रात मात्र शेवटी एक ओळ होती. 'हल्ली मी तुमच्या चपला घालते, रागावू नका.'

"मॅडम, आमच्यात बाईमान्स नवऱ्याच्या चपलेत पाय घालत नाय," नामदेव सांगायचा. "तिला कायतरी झालंय. पाय सुजले असतील. मला चार दिस घरी जाऊ द्या." हे तो मला सांगायचा, नर्सला सांगायचा, झाडूवाल्याला सांगायचा, आणि डॉक्टरांना तर रोज. दिवसातून वीसदा चपला. एवढ्या एका ओळीवरून माणूस असा पिसाटतो, म्हणजे त्याचा आजारच बोलतोय, असं डॉक्टरांना वाटायला लागलं. तरी ते सरळ माणूस. म्हणाले, घरी खरंच काही असेल तर रजा देऊ. मला म्हणाले, "तुम्ही सणाला पनवेलला चाललाच आहात. वाटेत बघून या आणि रिपोर्ट द्या."

म्हणून मी गेले, दारफाळणीच्या आदल्या दिवशी. पनवेलला उतरून घरी पिशवी टाकली. आईनं बजावलं, "मावळायच्या आत ये हं. दार लागलं की लागलं."

ती दुपार माझ्याकडे जशीच्या तशी आहे. फाट्यावर उतरून बांधावरून चालत गेले. दोन्हीकडे भात गुडघ्याच्या वर, लोंब्या वाकलेल्या, चतुर भिरभिरत होते, आणि तो वास. घर नवरात्रासाठी सारवलेलं. अंगणात रांगोळी, ओटीवर घट, झेंडूची माळ. सासूनं पाट दिला, चहा दिला, साखरेनं जीभ चिकटेल असा. "बसा बाय. पोराला सांगा, सगलं बरं हाय," म्हणाली. वाईट बाई नव्हती हो ती. हातानं वारा घालत माझ्याजवळ बसून राहिली. सुगंधा आतून आली, सासूकडे बघत म्हणाली, "सगलं बरं हाय." मी फॉर्म भरायला घेतला. धान्य, आहे. स्वच्छता, उत्तम. कलह, नाही. त्यात सगळ्याला रकाने होते. माझं अर्धं लक्ष घड्याळात. पावणेपाचची एसटी चुकली असती तर आमचं दार लागलं असतं.

मी उठले तशी सुगंधा मागोमाग आली. सासू ओटीवरच राहिली. बांधापर्यंत ती माझ्यामागे चालत होती आणि तिच्या चपला फटक-फटक वाजत होत्या. मी वळून बघितलं. टायरच्या सोलच्या काळ्या पुरुषी चपला. मला इतकं गोड वाटलं! नवरा लांब घाटावर, आणि ही वेडी त्याच्या चपला घालून फिरतेय. पंचविशीत माणसाला असलंच काहीतरी वाटतं.

"बाय, थांबा ना जरा," ती म्हणाली. "भाकरी खाऊन जावा."

"आज नको गं. आज आमचा सण आहे, मावळायच्या आत घरी पोचायचंय."

"लय घाई हाय?"

"हो गं, फार."

"बरं," म्हणाली. ऊन डोळ्यांना लागत असावं, कारण तिनं कपाळावर आडवा हात धरला होता. मी हात हलवला आणि निघाले.

तिचे पाय मी बघितले नाहीत, असं म्हणायची सोय नाही. बघितले. जोडवी मांसात रुतली होती. नवऱ्याच्या त्या मोठ्या चपलांचे पट्टेही तिला घट्ट झाले होते. राबणाऱ्या बाईचे पाय, असतील सुजले, असं वाटलं आणि पुढच्या क्षणी विसरलेही. एसटीत बसून मी शेवटची ओळ लिहिली, 'घरची परिस्थिती समाधानकारक, रजेची निकड नाही.' अक्षर फार सुरेख होतं माझं. घरी वेळेत पोचले. दुसरा दिवसभर उपाशीपोटी, पांढऱ्या साडीत, देवाकडे वर्षभराच्या चुकांची माफी मागत बसले, आणि रिपोर्ट पिशवीत होता.

रिपोर्ट वाचून डॉक्टरांची खात्री पटली. नामदेवची काळजी हाच त्याचा आजार ठरला आणि गोळ्या वाढल्या. आठ दिवसांनी तार आली. सुगंधाला झटके आले होते. पाय सुजणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, सगळं महिनाभर चाललं होतं. पहिलटकरणीचे पाय सुजतातच, असं सासू म्हणत राहिली. टेम्पोत घालून पनवेलला आणेस्तोवर ती गेली. मूलही गेलं.

इथपर्यंत सांगितलं तर तुम्ही म्हणाल, अगं, तू नवखी होतीस, चूक झाली. ही माझी खरी चूक नव्हे. खरी पुढेच आहे.

नामदेवला तार वाचून दाखवली तेव्हा मी तिथेच होते. डॉक्टर होते, त्यांच्या हातात माझा रिपोर्ट होता. नामदेव रडला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, तुमी गेल्या व्हत्या ना? तिच्या पायात माझ्या चपला व्हत्या का? पाय सुजले व्हते का?"

मी म्हटलं, "नाही. मला तसं काही दिसलं नाही. ती छान होती."

नोकरी जाईल, नाव जाईल, एवढंच त्या घटकेला डोक्यात होतं. थू!  नामदेव म्हणाला, "मंजे ते माझंच डोकं व्हतं." आणि कॉटवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. पुढे त्याला आजारी ठरवून लष्करातून घरी पाठवलं. वर्षभरात मीही नोकरी सोडली. कारण विचारणाऱ्यांना सांगितलं, शिकवायची आवड आहे.

तेव्हापासून मला पाय दिसतात. लग्नात, बाजारात, रिक्षात शेजारी बसलेल्या पोटुशीचे. मी अनोळखी बाईला भर रस्त्यात थांबवून "रक्तदाब तपासलास का?" असं विचारते. बायका वैतागतात, काही हसतात. माझ्या खोलीत एखादं कुटुंब "आमचं सगळं ठीक चाललंय" म्हणायला लागलं की कानात फटक-फटक वाजतं आणि मी त्यांना अजून थोडा वेळ बसवून घेते. बाईंकडे गेलं की तासाचे दोन तास होतात, अशी माझी ख्याती आहे. लोक त्याला आपुलकी म्हणतात.

यंदा नवरात्र आणि आमचा सण एकाच सुमाराला आले, नवमीच्या संध्याकाळी दार लावायचं होतं. त्याच्या चार दिवस आधी रुचिता नावाची माझी विद्यार्थिनी रिपोर्ट घेऊन आली. सीझनमध्ये सही मागायला आली म्हणजे धीटच पोरगी. कामोठ्याच्या सेक्टरांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांना भेटायचं तिचं काम. मी चष्मा लावून वाचायला लागले. 'आजोबा तळमजल्यावर एकटे राहतात. पुतण्या वरच्या मजल्यावर, जेवण तिथून येते. पूर्वी लष्करात. मानसिक आजाराच्या गोळ्या अनेक वर्षे चालू. दारात चपलांचे दोन जोड. एक वापरातला. दुसरा टायरच्या सोलचा, फार जुना, रोज पुसून ठेवलेला. घरातील वातावरण समाधानकारक.' वर नाव होतं.

"हा दुसरा जोड कुणाचा, विचारलंस?"

"नाही ना मॅडम." ती ओशाळून हसली. "सॉरी. गरब्याला जायचं होतं, घाई होती."

एरवी मी तिला फाडून खाल्लं असतं.  त्या दिवशी मी तिच्याकडून पत्ता घेतला आणि मुकाट्यानं सही केली. पोरगी घाबरली. जाता जाता म्हणाली, "मॅडम, पाणी देऊ का?"

नवमीला सकाळी भावाचा फोन येऊन गेला. "कळत-नकळत काही बोललो असेन तर," तो तिकडून ओरडत होता, त्याला अजून वाटतं लांबचं बोलायचं तर ओरडावं लागतं. "पोटात घातलं रे बाबा," मी म्हटलं. जेवण झाकून ठेवलं, पांढरी साडी खुर्चीवर काढून ठेवली. मग वाटलं, आता बहाणा कुठला? एकही सापडेना. साडेचारला खाली उतरून रिक्षा केली.

कामोठ्यात झेंडूचे ढीग लागले होते. क्लासमधून सुटलेली पोरं वडापावच्या गाडीभोवती, माइकवर कुणीतरी हॅलो-हॅलो करत होतं. जिथे बांध होता तिथे आता मेडिकलचं दुकान आहे की इमारतीची पार्किंग, मला कळेना. वास मात्र आला. भात नाही, काही नाही, तरी आला. मी रिक्षावाल्याला विचारलं, "वास येतोय का हो?" तो म्हणाला, "नाली हाय मॅडम."

दार उघडंच होतं. नामदेव खुर्चीत बसून पेपर वाचत होता. माझ्याहून चार-दोन वर्षांनीच मोठा असेल, पण केस पांढरेशुभ्र. मला बघून तो उठून उभा राहिला. वॉर्डात राहायचा तसाच.

"हॉस्पिटलातल्या मॅडम!" म्हणाला. "या ना. आत या. आमच्या घरी गेलेल्या तुमीच एकट्या."

मी उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. तो जुना जोड माझ्या पायाशी होता, सोल चिरलेला, पट्टे तेल लावून मऊ ठेवलेले. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले होते. समोरच्याची मनःस्थिती बघून, टप्प्याटप्प्यानं, वगैरे. मीच शिकवते ते. त्यातलं एकही तोंडी येईना.

"चपला होत्या," मी म्हटलं. "तिच्या पायात तुमच्या चपला होत्या, नामदेव. घट्ट झाल्या होत्या. पाय सुजले होते. मी बघितले होते. ती मला थांब म्हणाली आणि मी थांबले नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी भ्याले आणि खोटं बोलले. तुमचं डोकं बिघडलेलं नव्हतं. तुम्हाला पत्रावरून बरोबर कळलं होतं."

 त्यानं पेपरची घडी घातली. परत उलगडली, परत घातली. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "मला माफ करा." मग काहीतरी आमच्या सणाबद्दलही बडबडले, उद्या उपास, दार, असलं. 

"माफीचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. रागानं नाही. जणू ऐकूच गेलं नव्हतं. "मंजे मी येडा नव्हतो."

"नव्हतात."

"गोल्या खाल्ल्या मी. गावानं येडा म्हनलं, ते बी ऱ्हाऊ द्या. पन आई." तो थांबला. "आई मरताना पुतन्याला म्हनाली, माझ्या येड्याला सांभाल. तिला तरी कललं पायजे व्हतं."

  मी नुसती उभी राहिले आणि रडले. त्यानं मला रडू दिलं, थांब म्हणाला नाही. मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि स्वतः कॉटवर बसला.

"भायेरच्या मान्सांत तिला बगितलेल्या तुमीच शेवटच्या," तो म्हणाला. "मला कुनी कायच सांगितलं नाय. कुठं उभी व्हती, काय नेसली व्हती, काय काय बोलली, सगलं पयल्यापासून सांगा." मग माझ्या चपलांकडे बघून त्यानं विचारलं, "घाई नाय ना?"

समोरच्या दोन इमारतींच्या फटीत सूर्य खाली आला होता. करंजाड्याला जेवण झाकलेलं होतं, साडी खुर्चीवर होती.

"नाही," मी म्हटलं. "आज घाई नाही."

त्या जुन्या जोडाशेजारी मी माझ्या चपला काढल्या आणि आत गेले.